खाली दुकानं, वर घरं: पुनर्विकासात रहिवाशांना विचारायचं काय आणि कधी?

नकाशेवाला

मुंबई उपनगरात सत्तरच्या दशकातल्या अशा सोसायट्या गल्लोगल्ली आहेत: रस्त्याला लागून दहा-बारा दुकानं, वर आणि मागे चाळीस-पन्नास घरं. पुनर्विकासाचा विषय निघाला की सभेत दोनच प्रश्न येतात. जागा किती टक्के वाढणार आणि बांधकाम चालू असताना भाडं किती मिळणार? नकाशा कुणी मागत नाही. तो पहिल्यांदा दिसतो तेव्हा बांधकाम व्यावसायिकाने महापालिकेची मंजुरी घेतलेली असते. मग एक जिना हलवायचा म्हटलं तरी सुधारित नकाशे, पुन्हा शुल्क आणि पुन्हा काही महिने.

म्हणून माझा आग्रह एवढाच, की रहिवाशांना विचारायची वेळ निविदा काढण्याच्या आधीची आहे. निविदेत लिहिलं ते पुढे करारनाम्यात येतं. करारनाम्यात नसलेलं तोंडी आश्वासन ताबा घेताना कुणालाच आठवत नाही.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९-अ खालचा, पुनर्विकासाबद्दलचा ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय बहुतेकांना ऐकून माहीत असतो. एक पंचमांश सभासदांनी मागणी केली की समितीने विशेष सर्वसाधारण सभा बोलवायची, दोन तृतीयांश गणपूर्ती हवी, एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती हवी, सभेचं चित्रीकरण करायचं, आणि विकासक निवडीच्या सभेला सहकारी संस्थांच्या निबंधकांचा प्रतिनिधी हजर हवा. हे सगळं ठीक. पण ही मतदानाची पद्धत झाली, नियोजनाची नाही. स्वयंपाकघराची खिडकी कुठे, दुकानाचा दर्शनी भाग किती फूट, कचऱ्याची खोली कुणाच्या भिंतीला लागून, यावर त्यात चकार शब्द नाही. ते सोसायटीनेच ठरवायचं असतं.

सुरुवात घरपत्रकापासून करा. प्रत्येक घराचं आणि दुकानाचं एक पान. त्यावर प्रत्यक्ष टेपने मोजलेलं चटईक्षेत्र (भिंतींच्या आतली वापरायची जागा), मंजूर नकाशातलं क्षेत्र, दोन्हींतला फरक, राहणारी माणसं, वय ७० च्या वर कोण, व्हीलचेअर किंवा वॉकर लागतो का, वाहनं किती, घरातून चालणारा व्यवसाय (शिकवणी, शिवणकाम, डबे), आणि मालक राहतो की भाडेकरू. शेवटी दोन मोकळे रकाने: 'नव्या घरात हे हवंच' आणि 'हे अजिबात नको'. दुसरा रकाना जास्त कामाचा. 'काय हवं' म्हटलं की लोक मोठी बाल्कनी आणि जिम लिहितात. 'काय नको' म्हटलं की मात्र खरं बोलतात: दारासमोर दार नको, शौचालयाचं दार जेवणाच्या टेबलासमोर नको, लिफ्टच्या भिंतीला लागून झोपायची खोली नको.

मोजणी मात्र सोसायटीने नेमलेल्या वास्तुविशारदाकडूनच करून घ्या आणि पानावर त्या घराच्या सभासदाची सही घ्या. पुढच्या बहुतेक भांडणांचं मूळ इथे असतं. गॅलरी आत घेतलेली, पोटमाळा चढवलेला, दुकानाने मागची मोरी जोडून घेतलेली. मंजूर क्षेत्र धरायचं की वापरातलं, हे निविदेआधी सभेत एकदाच ठरवून टाका.

---

हिशेबनीस

घरपत्रक उत्तम. पण लोकांना हिशेब कळला नाही तर 'हवंच'च्या रकान्यात अशक्य गोष्टी येतील. पीएमसीचा (सोसायटीने नेमलेल्या प्रकल्प सल्लागाराचा) व्यवहार्यता अहवाल पन्नास पानी असतो आणि सभेत त्याचं शेवटचं पान वाचलं जातं. त्याऐवजी एका पानावर हा हिशेब मांडा. उदाहरण काल्पनिक आहे, ढोबळ आहे.

भूखंड २,००० चौ. मी., रस्ता १८.३० मीटरहून रुंद पण २७ मीटरहून कमी. विकास नियंत्रण नियमावली २०३४ प्रमाणे उपनगरात अशा रस्त्यावर मूळ १, अधिमूल्य भरून ०.५ आणि टीडीआर (दुसरीकडून विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) ०.९, मिळून २.४ एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या २.४ पट बांधकाम. म्हणजे ४,८०० चौ. मी.

सोसायटीच्या पुनर्विकासासाठी त्याच नियमावलीच्या ३३(७)(ब) खाली प्रोत्साहनपर क्षेत्र मिळतं: सध्याच्या बांधीव क्षेत्राच्या १५ टक्के किंवा दर सदनिकेमागे १० चौ. मी., यांतलं जे जास्त ते. बांधीव १,९०० असेल तर १५ टक्के म्हणजे २८५. घरं ४८ धरली तर ४८०. अर्थात ४८० घ्यायचे. बेरीज ५,२८०.

त्यावर ३५ टक्के फंजिबल (एफएसआयच्या वर मिळणारं जादा क्षेत्र), १,८४८. एकूण ७,१२८ चौ. मी.

आता सभासदांना द्यायचं काय? सध्याचं एकूण चटईक्षेत्र १,६०० असेल आणि ३५ टक्के वाढ कबूल केली तर २,१६०. भिंती वगैरे धरून बांधीव सुमारे २,३७५. विक्रीला उरलं ४,७५० च्या आसपास. टीडीआरची खरेदी, महापालिकेचं अधिमूल्य, बांधकाम, तीन वर्षांचं भाडं, कॉर्पस (सभासदांना मिळणारी एकरकमी रक्कम), व्याज आणि विकासकाचा नफा, सगळं या ४,७५० मधून निघायचं.

हे पान हातात असलं की सभेचा सूर बदलतो. '५० टक्के वाढ द्या' म्हणणाऱ्याला कळतं, की जादाचे १५ टक्के म्हणजे २४० चौ. मी. चटई, आणि ती विक्रीतून वजा होणार. मग विकासक मजले वाढवतो, पार्किंग यांत्रिक करतो किंवा कॉर्पस कापतो. ५० टक्क्यांची ऑफर येतच नाही असं नाही. आली तर पैसा कुठून येतोय एवढं विचारा. विमानतळाच्या उंचीमर्यादेत येणाऱ्या भागात तर कागदावरचा एफएसआय उभा करायला मजलेच मिळत नाहीत. उंचीचा तो दाखला आधी काढा.

---

गल्ला

दुकानदारांच्या बाजूने लिहितो, कारण अशा चर्चांमध्ये आमची गणती 'आणि इतर' मध्ये होते.

५८ सभासद असतील तर ५१ टक्के म्हणजे ३० मतं. दुकानदार दहा. म्हणजे दहाच्या दहा विरोधात गेले तरी ठराव मंजूर. आणि एकदा रीतसर ठराव झाला की अल्पमतातल्या सभासदांना जागा रिकामी करायला उच्च न्यायालयाने वारंवार सांगितलेलं आहे. त्यामुळे 'आम्ही सही करणार नाही' या धमकीत दम नाही. दुकानदारांना आपलं म्हणणं आधीच नकाशात बसवावं लागतं.

दुकानाला चटईक्षेत्र दुय्यम. दर्शनी लांबी, रस्त्यापासूनची पातळी आणि शटरसमोर खांब नसणं या तीन गोष्टींवर धंदा चालतो. १५० चौ. फुटांचं दुकान २०० चं झालं पण तोंड नऊ फुटांवरून सहावर आलं, तर दुकानदार तोट्यात गेला. आणि 'पहिल्या मजल्यावर दुप्पट जागा देतो' ही ऑफर किराणा, औषधं, दूध, भाजी यांच्यासाठी निरुपयोगी आहे. दवाखाना, ब्यूटी पार्लर, शिकवणी यांना चालेल.

विकासकाचंही गणित सरळ आहे. रस्त्यावरच्या दुकानाचा भाव घरापेक्षा कितीतरी जास्त, म्हणून दर्शनी बाजू त्याला विक्रीसाठी हवी असते. खरी ओढाताण तिथे आहे, आणि घरवाल्यांना ती दिसतसुद्धा नाही.

---

नकाशेवाला

गल्ला, अगदी बरोबर. म्हणूनच दर्शनी बाजूचा ताळेबंद वेगळा मांडायला हवा. हिशेबनीसांचाच भूखंड घेऊ आणि रस्त्याकडची बाजू ४० मीटर धरू. अग्निशमन गाडीच्या वाटेला ६ मीटर. पार्किंगचा दुहेरी रॅम्प ६ मीटर. वीज कंपनीचं उपकेंद्र ५ मीटर, कारण ट्रान्सफॉर्मर आणायला-न्यायला त्यांना रस्त्यावरून वाट लागते. घरांचा प्रवेश ४ मीटर. उरले १९.

दहा दुकानं सरासरी २.७५ मीटरची म्हणजे २७.५ मीटर लागणार. साडेआठ मीटरची तूट! आणि ही तूट विकासक सोडवतो ती तीन-चार दुकानं मागच्या गल्लीत ढकलून.

दुसरा मार्ग असा. घरांचा प्रवेश बाजूच्या मोकळ्या जागेतून घ्या, ४ मीटर सुटले. रॅम्प रस्त्यावर न उघडता अग्निशमन वाटेच्या आत वळवा, ६ मीटर सुटले. झाले २९. घरवाल्यांचाही यात फायदा आहे, त्यांचं दार ग्राहकांच्या दुचाकींच्या गर्दीतून बाहेर येतं.

---

काटकोन

२९ मध्ये बसत नाही. दहा दुकानांना अकरा भिंती. १५ सेंमीने १.६५ मीटर. एकूण २९.१५.

---

नकाशेवाला

काटकोन, मान्य. १५ सेंमी तिथेच अडतात आणि त्यात खांब धरलेच नाहीत. वरच्या घरांचे खांब खाली दुकानात उतरतात, त्यामुळे रचनाकार अभियंत्याला पहिल्या दिवसापासून बसवावं लागतं. दोन दुकानांमधल्या भिंतीतच खांब बसेल असं अंतर धरायचं, साधारण दोन दुकानांगणिक एक खांब, आणि तो शटरच्या रेषेच्या मागे. उपकेंद्र बाजूच्या वाटेवर चालेल का हे वीज कंपनीला लेखी विचारा. चालत असेल तर ५ मीटर मोकळे होतात आणि सगळा गुंता सुटतो. हा अर्ज निविदेआधी करायचा. नंतर विकासक 'कंपनीने नाही म्हटलं' म्हणतो आणि ते खरं की खोटं हे तपासायला कुणाकडे कागद नसतो.

पातळीचं राहिलं. रस्ता काँक्रीटचा झाला की वर येतो आणि जुनी दुकानं खड्ड्यात जातात, हे दर पावसाळ्यात दिसतं. जोतं रस्त्यापासून ४५ सेंमी उचला. पण मग प्रत्येक दुकानाला तीन पायऱ्या येतात आणि म्हातारं गिऱ्हाईक बाहेरूनच परततं. त्यावर उपाय म्हणजे सगळ्या दुकानांपुढे दीड मीटरचा सलग ओटा आणि एका टोकाला उतार. १:१२ च्या उताराला ४५ सेंमीसाठी ५.४ मीटर लांबी लागते. ती बाजूच्या वाटेच्या कडेने वळवून घ्या. हा ओटा आपल्याच भूखंडात हवा. फुटपाथवर आला की महापालिका तोडणार.

---

चाळ नंबर सात

एवढं सगळं विचारत बसलात तर दहा वर्षं जातील. लोक भाड्याच्या आकड्यावरच मत देतात.

---

नकाशेवाला

दहा वर्षं जातात ती न विचारल्यामुळे. वेळापत्रक देतो, यापेक्षा जास्त लागत नाही.

मोजणी आणि घरपत्रकं: ५८ युनिटांना तीन आठवडे. त्यानंतर गटबैठका. सर्वसाधारण सभेत दहा माणसं बोलतात, बाकीची ऐकतात. म्हणून दर बैठकीला दहा-बारा घरं, एकाच जिन्यावरची, दीड तास. दुकानदारांची बैठक वेगळी आणि रात्री साडेनऊनंतर, नाहीतर कुणी शटर पाडून येत नाही. ज्येष्ठांची दुपारी, तळमजल्यावर. घरात सगळा वेळ वावरणाऱ्या बाईचं नाव भागपत्रावर नसलं तरी तिला बोलवा, मतदान नाहीये ते. भाडेकरूंनाही. पाणी किती वाजता येतं आणि कचरा कुठे साचतो हे त्यांना चांगलं माहीत असतं. सहा बैठका, दोन आठवडे.

मग वास्तुविशारदाने दोन पर्यायी रेखाटनं आणायची. एक आणलं की लोक हो-नाही करतात, दोन आणली की तुलना करतात. पण नकाशा वाचता येणारे थोडेच असतात. त्यामुळे एका खोलीचं तरी खऱ्या मापाचं आरेखन आवारात चुन्याने काढा. कबड्डीचं मैदान आखतात तसं. दार, खिडकी, ओटा, पलंग सगळं आखायचं. पलंग १.८ बाय २ मीटरचा पुठ्ठ्याचा कापून ठेवायचा. तीन मीटर बाय २.७ मीटरच्या खोलीत तो ठेवून कपाटाचं दार उघडतं का हे माणूस स्वतः उभा राहून बघतो. एका रविवारी शंभर हरकती येतात, आणि त्या कामाच्या असतात.

हरकतींची वही ठेवा. चार रकाने: हरकत, कुणाची, उत्तर, कारण. 'नाही' हे उत्तर चालेल, कारण कोरं चालणार नाही. वही सूचनाफलकावर लागली की कुजबुज निम्मी कमी होते. हे सगळं मिळून अडीच-तीन महिने. याच काळात मानीव अभिहस्तांतरणाचं (मूळ मालक किंवा बिल्डर सही करत नसला तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याचं) आणि मालमत्ता पत्रकावर सोसायटीचं नाव चढवायचं काम चालू ठेवा, ते यापेक्षा जास्त वेळ खातं.

---

कायदेकानू

एक भर. ७९-अ चे निर्देश मार्गदर्शक आहेत, काटेकोर बंधनकारक नाहीत, असं उच्च न्यायालयाने एकाहून अधिक निकालांत म्हटलं आहे. त्यामुळे 'नोटीस दोन दिवस उशिरा मिळाली' एवढ्यावर ठराव रद्द होईल या भरवशावर राहू नका. तुमची हरकत नकाशावर असेल तर ती वहीत आणि इतिवृत्तात लेखी यायला हवी.

करारनाम्याला पुढची परिशिष्टं जोडा: प्रत्येक युनिटचं चटईक्षेत्र, सही केलेला मजल्यांचा नकाशा, दर्शनी बाजूचा नकाशा दुकानक्रमांकांसह, साहित्याची यादी कंपनी आणि जाडीसकट, आणि भाड्याचं वेळापत्रक वार्षिक वाढीसह. शासन निर्णयात प्रकल्पखर्चाच्या २० टक्के बँक हमीची तरतूद आहे. ती कागदी आश्वासनावर सोडू नका, मुदत ताब्यापर्यंतची आहे ना ते पाहा. सगळ्या मंजुऱ्या हातात येईपर्यंत घर रिकामं करायचं नाही. 'रेरा (स्थावर संपदा नियमन कायदा) आहे ना' असं म्हणून निश्चिंत होऊ नका. रेराची नोंदणी आणि ७० टक्के रकमेच्या वेगळ्या खात्याचा नियम हे मुख्यतः विक्रीच्या घरांच्या खरेदीदारांसाठी आहे. तुमचं संरक्षण तुमचा करारनामा.

---

हिशेबनीस

देखभालीबद्दल कुणीच बोललं नाही. घरं-दुकानं एकत्र असली की भांडण ताब्यानंतर सहा महिन्यांत सुरू होतं.

सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सेवाशुल्क सगळ्या युनिटांना सारखं. लिफ्टचा खर्च ज्या इमारतीत लिफ्ट आहे तिथल्या सगळ्यांना सारखा, वापरा किंवा नका वापरू. पाणी नळांची संख्या आणि आकार यांवर. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के, सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची साठवण) किमान ०.२५ टक्के. म्हणजे तळमजल्याचं दुकान तीन लिफ्टचे पैसे भरणार, आणि उपाहारगृह पाण्याच्या एका जोडणीवर सगळ्यांचं पाणी संपवणार. दोघंही चिडणार.

उपाय नकाशातच आहे. दुकानांचा पट्टा जिना-लिफ्टपासून पूर्ण तोडा, शक्य असेल तर वेगळा विंग दाखवा. पाण्याची टाकी आणि मीटर वेगळे, सामायिक विजेचा मीटर वेगळा, कचऱ्याची खोली वेगळी. पाइप टाकताना हे स्वस्तात होतं. नंतर भिंती फोडाव्या लागतात.

कॉर्पसचा हिशेबही बैठकीत मांडा. पाच लाख कॉर्पस, ७ टक्के व्याज, महिन्याला सुमारे २,९०० रुपये. ६०० चौ. फुटांच्या घराला नऊ रुपये दराने देखभाल ५,४००. उरलेले अडीच हजार दरमहा कोण भरणार? निवृत्तिवेतनावरचं घर असेल तर हा प्रश्न जिमपेक्षा मोठा आहे. यांत्रिक पार्किंग, जलतरण तलाव आणि डिझेल जनित्र हे तिन्ही दर महिन्याला खातात. त्यांवर वेगवेगळं मत घ्या.

---

गल्ला

दुकानांच्या यादीत अजून थोडं, कारण हे राहून जातं.

उपाहारगृह किंवा वडापावची गाडी आत येणार असेल तर धुराचा नळ दुकानापासून गच्चीपर्यंत आताच सोडा, साधारण ६० बाय ६० सेंमीचा. नाहीतर नंतर तो बाहेरच्या भिंतीवर चढतो आणि कुणाच्या तरी झोपायच्या खोलीसमोरून जातो. सांडपाण्याला ग्रीस ट्रॅप (तेलकट गाळ अडवणारी टाकी). पिठाच्या गिरणीला कंपन शोषणारं जोतं आणि थ्री फेज. प्रत्येक दुकानाचा वीजभार घरपत्रकातच लिहून घ्या.

औषध दुकानाचा परवाना जागेला जोडलेला असतो आणि किरकोळ विक्रीला किमान १० चौ. मी. लागतात. तात्पुरत्या जागेसाठी नवा परवाना, परत आल्यावर पुन्हा नवा. त्या जागेचं क्षेत्र त्याहून कमी असेल तर परवानाच मिळत नाही. रेशन दुकान, दूध केंद्र यांचंही असंच काहीसं. म्हणून दुकानांच्या भाड्याची तुलना घरभाड्याशी करू नका. त्याच परिसरात, त्याच तोंडाच्या गाळ्याचं भाडं धरा.

आणि दुकानक्रमांक सोडतीवर टाकू नका. घरांची सोडत चालते. दुकानांना सध्याचा क्रम तसाच राखावा, कोपऱ्याचं कोपऱ्यालाच.

---

गिरगावची गॅलरी

दक्षिण मुंबईत चित्र वेगळं आहे. उपकरप्राप्त (म्हाडाला दुरुस्ती उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतीत बहुतेक पागडीवाले (एकरकमी पागडी देऊन कमी भाड्याने राहणारे) भाडेकरू, जमीन मालकाची, सोसायटी नाहीच. त्यामुळे ७९-अ नाही, ३३(७) किंवा समूह विकासाचा ३३(९). शहरात समूहाला किमान ४,००० चौ. मी. लागतात, उपनगरात ६,०००. म्हणजे आठ-दहा इमारती, तेवढेच मालक.

भेंडी बाजार हे याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण: साडेसोळा एकर, सुमारे २५० इमारती, ३,२०० कुटुंबं आणि १,२५० दुकानं. एका विश्वस्त संस्थेने २००९ पासून हाती घेतलं आणि पहिले मनोरे २०२० मध्ये तयार झाले. दुकानांचा आकडा बघा. एवढी दुकानं एका समूहात बसवायची म्हणजे 'दर्शनी बाजू'चा ताळेबंद गल्लीगल्लीचा मांडावा लागतो. उलट ब्रिटिशकालीन सरकारी बीडीडी चाळींत चर्चा जवळजवळ पूर्णपणे घराच्या आकारावर, १६० चौ. फुटांवरून ५०० वर. वरळीत पहिल्या ५५६ घरांचा ताबा ऑगस्ट २०२५ मध्ये मिळाला. आता तिथे देखभालीचा प्रश्न हिशेबनीसांनी मांडला तसाच उभा राहणार.

भाडेकरूंनी सोसायटी नसली तरी भाडेकरू संघ नोंदवावा आणि घरपत्रक स्वतः करावं. मोजणी मालकाच्या माणसाने एकट्याने केली की पोटमाळा कागदावरून गायब होतो.

---

काटकोन

कुंपणाला लागून बसणाऱ्या भाजीवाल्यांचं काय? ते सभासद नाहीत, भाडेकरूही नाहीत, पण रोजची भाजी तिथूनच येते.

---

कायदेकानू

त्यांना सोसायटी उठवूही शकत नाही आणि जागा देऊही शकत नाही. फुटपाथ महापालिकेचा. पथविक्रेता अधिनियम २०१४ प्रमाणे नगर पथविक्रेता समिती असते आणि तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावे लागतात. तुमच्या भागातली समिती प्रत्यक्षात काम करते का ते वॉर्ड कार्यालयात विचारा. सोसायटीच्या हातात एकच आहे: बांधकामाचे पत्रे फुटपाथवर येऊ न देणं आणि ट्रकचा प्रवेश भाजीवाल्यांच्या टोकाला न ठेवणं. या दोन्ही अटी निविदेत घालता येतात.

शेजारच्या भूखंडावर रस्तारुंदी किंवा आरक्षण असेल तर तेही आत्ताच बघा. विकास आराखड्यात किरकोळ बदलासाठी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली सूचना निघते आणि हरकतीला एक महिना मिळतो. ती वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर येते आणि निसटते. सामूहिक हरकतीला वजन असतं. मुंबईचा २०१५ चा आराखडा मसुदा लोकांच्या ओरडीनंतर एप्रिलमध्ये मागे घ्यावा लागला होता. पण हरकत लिहिताना 'आमचा विरोध आहे' एवढंच नको. भूमापन क्रमांक, सध्याचा वापर आणि पर्यायी रेषा नकाशावर दाखवून जोडा, सुनावणीत तेवढंच वाचलं जातं.

---

नकाशेवाला

घरपत्रकाचा कोरा नमुना कुणाला हवा असेल तर इथे रकाने टंकून देईन. दुकानांचं पान वेगळं आहे: दर्शनी लांबी, शटरची उंची, वीजभार, पाणी, माल उतरवायची वेळ, परवान्यांची यादी आणि पाटीचं माप. पाटीचं माप विसरू नका. दर्शनी भिंतीला काच लावून वास्तुविशारद मोकळे होतात आणि पाटीला जागाच उरत नाही.

---

चाळ नंबर सात

टाका नमुना. आमच्याकडे पुढच्या रविवारी समितीची बैठक आहे.